दोघी असतील तरच

माझं आणि जाधव मॅडमचं पहिल्याच दिवशी वाजलं. हॉस्पिटलच्या बिलिंगमधून माझी बदली खाली तळघरातल्या स्टोअरमध्ये झाली होती. टेबलावर पेन नव्हतं म्हणून मी समोरच्या रॅकवरच्या खोक्यातून एक काढलं. मागून आवाज आला, "इंडेंट कुठंय?" मला वाटलं गंमत करताहेत. वळून बघते तर पाच फुटांची बाई, चष्मा कपाळावर, हात पुढे करून उभी. इंडेंट म्हणजे आमच्याकडे माल मागायचा छापील कागद. काय पाहिजे, किती पाहिजे, कशाला पाहिजे, आणि खाली सही.

"मॅडम, एक पेन आहे हो. तीन रुपयांचं."

"मग तीन रुपयांचा इंडेंट भर."

"भरू कशाने? पेनच नाहीये ना!"

त्यांनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी दात-ओठ खात कागद भरला, सही ठोकली, तेव्हा कुठे पेन मिळालं. घरी जाऊन आईला म्हटलं, माझी वाट लागली, ही बाई डोक्यात जाणार आहे.

गेल्याच डोक्यात. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत समोरासमोर बसलो. आता त्या निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली, स्टोअर कॉम्प्युटरवर गेलं, आणि तरी मी आजही कपाटातून काही काढायला गेले की हात जरा अडखळतो. कोणी विचारणार नाहीये, हे माहीत असतं. तरीसुद्धा.

मुलुंडचं आमचं हॉस्पिटल तसं मध्यमच, पण मॅडमचं स्टोअर बघायला बाहेरची माणसं यायची. कुठलंही खोकं डोळे मिटून मागा, त्या डोळे मिटून काढून देतील. एकदा एक मोठे सर्जन तणतणत खाली आले. हातमोज्यांची विशिष्ट जात पाहिजे होती, आणि सिस्टरने कागद नीट भरला नव्हता म्हणून मॅडमनी तो परत पाठवला होता. डॉक्टर ओरडले, तुम्हाला माहितीय का मी कोण आहे वगैरे. मॅडमनी उठून आपली खुर्ची त्यांना दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, पुढ्यात कोरा इंडेंट आणि पेन ठेवलं. "बसा ना सर. तुमचं अक्षर चांगलं असतं असं ऐकलंय." डॉक्टरांनी भरला! जाताना हसत गेले. माझी मात्र बोबडी वळली होती.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणी काहीही मागितलं की विचारायच्या, "नसलं तर काय अडेल?" वॉर्डवाल्यांना विचारायच्या, दारावर येणाऱ्या सेल्समनला विचारायच्या. मी एकदा ऑनलाइन पर्स मागवत होते तर माझ्या खांद्यावरून वाकून मला विचारलं. मी पर्स रद्द केली. आणि राग आला म्हणून दुसऱ्या दिवशी परत मागवली.

मूळच्या जालन्याकडच्या. लग्न होऊन नाहूरला आल्या, तीस वर्षं मुंबईत राहून भाषा आमच्यासारखी झाली होती, पण चिडल्या की गाव बाहेर यायचं. "काय बोलायलीस?" असं ऐकू आलं की समजायचं, आपलं काही खरं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि मुलगी प्रज्ञा, दोघीच. रोज नाहूर ते मुलुंड चालत यायच्या, चालत जायच्या. एवढं चालणाऱ्या बाईला चालण्याचं कौतुक मात्र शून्य.

म्हणूनच ज्या दिवशी प्रज्ञाने सांगितलं की तिला रेवसपासून पार तेरेखोलपर्यंत अख्खा कोकण किनारा पायी चालायचाय, त्या दिवशी मॅडम दुपारी डबा न उघडता बसल्या होत्या.

"अडतीस दिवस म्हणतेय. ती आणि ती स्नेहा. दोन पोरी. पाठीवर बोचकी घेऊन."

प्रज्ञा तेव्हा चोवीस वर्षांची. ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी सोडून दुसरी धरत होती आणि मध्ये दीड महिना मोकळा मिळत होता. स्नेहा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. मी म्हटलं, "मॅडम, मस्त आहे की. आमच्या गावावरूनच जाणार त्या. झकास चालतील."

"तू गप बस. पैसे नसले की माणूस चालतो, राणे. आम्ही शाळेला चाललो, पाण्याला चाललो, माझी आई कामाला चालली. पैसे भरून चालणारी आमच्या खानदानात हीच पहिली."

हे सगळं तोंडाने. आत काय होतं ते मला दिसत होतं. त्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही. एकुलती एक पोर, अनोळखी गावं, रात्री कुठे झोपणार, काही झालं तर कोण. पण 'मला भीती वाटते' हे त्या बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलीला 'जाऊ नकोस' म्हणणंही त्यांना पटत नव्हतं. मग त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. प्रज्ञाला म्हणाल्या, "तुझी यादी दे. मी बजेट काढते. बसलं तर जा." आणि मला डोळा मारून म्हणाल्या, "बसणारच नाही."

यादी आली. प्रज्ञाने इंटरनेटवरून उतरवलेली. तंबू, दोन जॅकेटं, हलकी चूल, फोल्डिंग खुर्ची, पाणी ओतलं की शिजतं असं परदेशी जेवण. एका पाकिटाला चारशे रुपये! एकीचा खर्च ब्याण्णव हजार. प्रज्ञाची शिल्लक चाळीस हजार. मॅडमचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या डब्यातला ठेचा आपणहून दिला.

पण बाईचा स्वभाव! ती यादी तशीच मुलीच्या हातात परत दिली असती तर विषय तिथेच मिटला असता. त्यांना ते जमेना. जेवता जेवता यादीकडे बघायच्या आणि कपाळाला आठ्या पाडायच्या. "खुर्ची? वाळूत बसायला खुर्ची?" झाली, अंबाड्यातली पेन्सिल बाहेर आली. खुर्ची कापली. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "राणे, कोकणात घरं नाहीत का गं? तंबू कशाला?" मी म्हटलं, घरं आहेत, बचत गटाच्या बायका खोल्या देतात, जेवण पण घरचं मिळतं. तंबू कापला. मग चूल आपोआप गेली, भांडी गेली, ते चारशेचं जेवण गेलं. त्याच्या जागी लिहिलं चणे, गूळ, शेंगदाण्याची चटणी. दोन जॅकेटांऐवजी एक जुना स्वेटर. महागड्या चटकन वाळणाऱ्या टॉवेलऐवजी पंचा.

सगळंच कापलं असंही नाही. बूट प्रज्ञाने स्वस्तातले लिहिले होते, ते खोडून मॅडमनी चांगले लिहिले. मोजे दोनाचे चार केले. पायाला फोड आले तर लावायचं सामान, पाण्यात घालायच्या क्षारांच्या पुड्या, पाळीचं सामान आणि ते ठेवायला वेगळी पिशवी, हे प्रज्ञाच्या यादीत नव्हतंच. "हे नसलं तर अडेल," म्हणाल्या आणि अधोरेखित केलं.

तीन-चार दिवसांनी मी बेरजेकडे बघून म्हटलं, "मॅडम, एक सांगू? तुम्ही बसणार नाही असं बजेट काढत होतात ना? हे तर बसायला लागलं."

त्यांनी कागद ओढून घेतला. परत बेरीज केली. उलटी बेरीज केली. रोजचे सहाशेप्रमाणे अडतीस दिवसांचे बावीस हजार आठशे, सामानाचे सात हजार शंभर, जाणं-येणं आणि खाड्या ओलांडायच्या फेरीबोटींचे चौदाशे, आकस्मिक म्हणून पाच हजार. छत्तीस हजार तीनशे.

"आकस्मिक वाढवा ना," मी म्हटलं. "दहा करा. मग चाळीसच्या वर जाईल."

खरंच, एक आकडा बदलायचा होता. कोणाला कळणार होतं? त्यांनी पेन्सिल त्या पाचावर टेकवली. मग पेन्सिल खाली ठेवली. "पाचात भागतं गं. दहा लिहिलं तर खोटं होईल." आणि डोळे पुसायला उठल्या, म्हणाल्या रॅकवरची धूळ गेली. त्या स्टोअरमध्ये धूळ! देवाशपथ सांगते, रॅकखाली पण नसायची.

तो कागद प्रज्ञाला दिला, पण शेवटी एक ओळ घालून. 'दोघी असतील तरच. एक परतली तर दुसरीनेही परतायचं.' प्रज्ञाकडून त्याखाली सही घेतली. प्रज्ञा हसली म्हणे. सही मात्र केली, आणि कागद मॅडमच्या खणात परत आला.

एकदा पाठवायचं ठरलं म्हटल्यावर मात्र मॅडमनी त्या तयारीत अंग झोकून दिलं. पहिला प्रश्न वजनाचा. पाण्याशिवाय सहा किलोच्या वर पिशवी नको, असं त्यांनी कुठून तरी पक्कं केलं होतं. घरात काटा नव्हता. आमच्या स्टोअरच्या कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा पडला होता, भंगारात जायची वाट बघत. काटा अजून बरोबर होता, फक्त एका बाजूचा कठडा तुटलेला. मॅडमनी तो वापरायला स्वतःच्याच नावाने इंडेंट भरला. मागणार सुमन जाधव, देणार सुमन जाधव, दोन्हीकडे सही. मग डबा खायच्या सुट्टीत त्या काट्यात रोज काही ना काही निजायचं. पंचा, मग, चण्यांची पिशवी, मोज्यांचे जोड. एक दिवस बालविभागाची सिस्टर आत आली, काट्यात गुळाची ढेप बघून म्हणाली, "अगंबाई, कोणाचं?" मी म्हटलं, "आपल्या मॅडमचं. दीड किलो. तब्येत छान आहे." मॅडमसुद्धा हसल्या, पण ढेप खरंच अर्धी करून परत ठेवली.

वस्तू भरायची पद्धत पण स्टोअरचीच. प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी. जे आधी खराब होईल ते वर, जे टिकेल ते खाली. धपाटे सगळ्यात वर, त्यावर लिहिलेलं, 'दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच.'

मग सराव. मॅडमचं म्हणणं, माल द्यायच्या आधी तपासायचा असतो. म्हणून पोरींबरोबर आपणही चालायचं. मलाही ओढलं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. रविवारी पहाटे घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा, तिथून छोट्या बोटीतून खाडी ओलांडून मढ, आणि पुढे वाळूवरून आक्सा. प्रज्ञा आणि स्नेहाच्या पाठीवर त्यांच्या पिशव्या. मॅडमच्या पाठीवर प्रज्ञाची जुनी कॉलेजची सॅक, त्यात मोजून सहा बाटल्या पाणी. "तुम्ही कशाला?" विचारलं तर म्हणाल्या, "अंदाज नको का?" माझ्या पाठीवर माझी ती पर्स.

पहिला रविवार झकास गेला. नऊच्या सुमाराला समुद्र पार आत गेलेला, ओली घट्ट वाळू, रस्त्यासारखी. पोरी गात चालल्या होत्या. मॅडमनी घड्याळ लावून वेग काढला आणि घरी जाऊन अडतीस दिवसांचं वेळापत्रक लिहिलं. रोज सकाळी सहा ते अकरा वाळूवरून. दुपारी आराम. फूटपट्टीने ओढलेल्या रेघा.

पुढच्या रविवारी त्याच वेळेला त्याच जागी गेलो, तर वाळूच नाही! समुद्र पार झाडांपर्यंत चढलेला. मॅडमना वाटलं काहीतरी वादळबिदळ आलंय. मला म्हणाल्या, "राणे, तू कोकणातली ना, हे काय झालं?" मी काय कपाळ सांगणार? माझे आजोबा गिरणीत आले तेव्हापासून आमचं कोकण म्हणजे गणपतीचे सात दिवस. आम्ही कडेकडेने जायला गेलो, एक लाट आली आणि चौघी कंबरेपर्यंत भिजलो. माझी पर्स त्यात कामाला आली. आत पाणी छान साठलं.

कुडकुडत वर्सोव्याला परतलो. धक्क्याजवळ एक म्हाताऱ्या कोळीणबाई काठ्यांवर बोंबील घालत होत्या. आमचा अवतार बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मॅडमनी वहीतलं वेळापत्रक उघडून दाखवलं. मागच्या रविवारी नऊला समुद्र आत होता, आज नऊला बाहेर कसा?

बाई हसत हसत खालीच बसल्या. "अगो बाय, दर्या काय तुझ्या हापिसात कामाला हाय, रोज नवाला हजर व्हायाला?"

मॅडमना कोणी असं बोललं की समोरच्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं. पण त्या पदर खोचून बाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. ओल्या कपड्यांनी. "मावशी, मला शिकवा. आमच्याकडे जालन्याला समुद्र नाही."

आणि मावशींनी शिकवलं. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आज तिथी कोणती? अकरावी. अकराची पाऊणपट किती? सव्वाआठ. सव्वाआठला भरती भरणार. सहा तासांनी ओहोटी. एवढं सोपं.

मॅडम पेन्सिल घेऊन थबकल्या. "आमच्यात तिथी बघत नाहीत, मावशी. पौर्णिमा तेवढी कळते, विहारात जायचं असतं म्हणून."

"मग पुनवेपासून बोटं मोज. पयला दीस एक, दुसरा दोन. अवस सरली का परत एकपासून धर. दर्याला काय तुझं पंचांग लागतं?"

तासभर तिथे बसून मॅडमनी अडतीस दिवसांचं सगळं वेळापत्रक नव्याने लिहिलं. कुठल्या दिवशी पहाटे निघायचं, कुठल्या दिवशी दुपारी, कुठली खाडी कधी गाठायची. मावशी बोंबील घालता घालता तपासत होत्या. उठताना मॅडमनी त्यांच्याकडून अर्धा किलो सुकट घेतली आणि परतताना मेट्रोमध्ये बसायला जागा मिळाल्यावर वही परत उघडली. मग म्हणाल्या, "मी या पोरींना फूटपट्टी देऊन बुडवलं असतं गं." खरंच हादरल्या होत्या. त्यानंतर आणखी चार रविवार चाललो. एकही चुकवला नाही त्यांनी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोरी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसल्या. मॅडम पोचवायला गेल्या नाहीत, स्टोअरमध्ये माल उतरत होता म्हणे. त्या दिवशी त्यांनी सलाइनची खोकी मोजली आणि चुकल्या. पुन्हा मोजली, पुन्हा चुकल्या. शेवटी मी मोजली.

रोज संध्याकाळी सातला प्रज्ञाचा फोन यायचा. कुठे पोचलो, काय खाल्लं, खर्च किती, पाय कसे. दुसऱ्या दिवशी मॅडम ते मला सांगायच्या, अगदी बातम्या दिल्यासारखं. दिवेआगरला एका आजीने झोपायला पलंग दिला आणि स्वतः खाली झोपली. केळशीला माशाची आमटी दोनदा मागून घेतली. दाभोळच्या फेरीत एकाने स्वतःच्या पैशांनी तिकीट काढलं, पोरी नको नको म्हणत होत्या तरी. "लोकं चांगली आहेत गं," असं त्या मला सांगायच्या, जसं काही मीच नाही म्हणत होते. हळूहळू सातच्या फोनआधीची त्यांची ती चुळबूळ कमी झाली. एकदा तर म्हणाल्या, "वेळणेश्वर कसं आहे गं बघायला?" मी म्हटलं, "जाऊन या ना कधीतरी." "मला कुठे वेळ," म्हणाल्या.

चोविसाव्या दिवशी फोन सकाळी अकरालाच वाजला. मॅडमनी पहिल्याच रिंगला उचलला.

रत्नागिरीच्या अलीकडे खडकांवरून उतरताना स्नेहाचा पाय मुरगळला होता. चांगलाच. मॅडम भराभर विचारत होत्या, बर्फ लावला का, डॉक्टरकडे गेलात का, हाड मोडलंय का. हाड मोडलं नव्हतं, पण तीन आठवडे चालायचं नाही. स्नेहाचा भाऊ न्यायला निघाला होता. पलीकडून प्रज्ञाचा आवाज मला ऐकू येत होता. "आई, मी पण येते त्यांच्याबरोबर. सही केलीय मी. नको काळजी करूस." रडत नव्हती पोर. भांडत नव्हती. त्याचाच जास्त त्रास झाला. भांडली असती तर मॅडमना उत्तर माहीत होतं.

मॅडमनी फोन ठेवला. मी मूर्खासारखं म्हटलं, "बरं झालं ना मॅडम. सुखरूप परत येतेय. तुम्हाला हेच पाहिजे होतं."

"काय बोलायलीस?"

असा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी खण उघडून बजेटचा कागद काढला आणि शेवटची ओळ वाचली. चष्मा पुसून परत वाचली. आयुष्यात ज्या बाईने तीन रुपयांचा नियम मोडला नाही, ती आता स्वतःच लिहिलेला मोडणार की काय, असं मला वाटलं. मोडा हो, असं ओरडावंसं वाटत होतं. आणि एकट्या पोरीला पुढे पाठवा म्हणायचीही छाती नव्हती.

"राणे. ये इकडे. हे वाच."

मी वाचलं. दोघी असतील तरच.

"यात दुसरी कोण, ते लिहिलंय का कुठे?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही लिहिलंय, मॅडम."

त्यांनी लगेच फोन लावला. "प्रज्ञा? आहेस तिथेच थांब. परवा सकाळी पोचते मी." पलीकडून प्रज्ञा म्हणत होती की आई, न्यायला नको येऊस, उगाच खर्च, मी येते ना गाडीत बसून. "न्यायला कोण येतंय?" मॅडम म्हणाल्या. "उरलेले दिवस दोन माणसांचे आहेत. स्नेहाच्या जागी मी." पलीकडून जे काही रडणं ऐकू आलं ते मला टेबलाच्या या बाजूला बसून ऐकवेना. मी उठून रॅकवरची धूळ झटकायला लागले.

सतरा दिवसांची रजा. त्यांनी कधी सलग दोन दिवसांच्या वर घेतली नव्हती, त्यामुळे वरच्या ऑफिसात कोणाचा विश्वास बसेना. अर्ज मीच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी रात्री मुलुंडला बसमध्ये बसवायलाही मीच गेले. पंजाबी ड्रेस, पायात नवे बूट, पाठीवर तीच कॉलेजची सॅक. "वजन किती झालं?" मी विचारलं. "पाच किलो आठशे," त्या लगेच म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरला. "राणे, माझं वय सत्तावन्न आहे. पोरीला मध्येच अडचण झाले तर?" मी म्हटलं, "नाही होणार. सहा रविवार मी तुमच्या मागून धापा टाकत आलेय." त्यावर हसल्या, आणि बसमध्ये चढल्या.

आता सातचा फोन मला यायला लागला. कधी त्या बोलायच्या, कधी प्रज्ञा. प्रज्ञाची तक्रार असायची की आई प्रत्येक घरात स्वयंपाकघरात घुसते आणि डबे नीट लावून देते. मॅडमची तक्रार असायची की प्रज्ञा फार हळू चालते. विजयदुर्गाजवळ त्यांच्या पायाला फोड आला, एक दिवस थांबल्या. देवगडला म्हणाल्या, "गं, एवढं मोठं पाणी आणि मी आयुष्यभर बाटल्या मोजत बसले." आणि मग घाईघाईने खर्च सांगितला.

शेवटच्या गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मी डबा खात होते. स्क्रीनवर मॅडम, उन्हाने पार काळ्याठिक्कर पडलेल्या, केस विस्कटलेले, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मागे नदी समुद्राला मिळत होती आणि पलीकडे हिरवा काठ दिसत होता.

"तेरेखोल!" प्रज्ञा पलीकडून ओरडली. "पोचलो आम्ही!"

मी टाळ्या वाजवल्या. तळघरात एकटीच. "मॅडम, झालं की हो सगळं! आता कधी येताय? मी मरतेय इथे तुमच्याशिवाय."

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "पलीकडे काय आहे गं?"

"केरी. तो सगळा गोवाच, आई."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे काय, पुढे किनारा आहेच की."

"पैसे किती उरलेत दोघींचे?"

"पाच हजार शंभर."

त्या बोटं मोजायला लागल्या. मला अंदाज आलाच. "मॅडम, रविवारी रजा संपतेय हां! सोमवारी ऑडिट आहे!"

"आज अर्धा दिवस, उद्या पूर्ण, शनिवारी दुपारपर्यंत," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "शनिवारच्या बसने निघालं तरी सोमवारी हजर." मग एकदम फोन तोंडाजवळ घेतला. डोळे भरलेले होते आणि पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत. "राणे, मी हिला पाठवणारच नव्हते गं. तुला माहितीय ना? मी हिला घरी बसवणार होते."

मी डबा बाजूला सरकवला. "माहितीय, मॅडम," एवढंच म्हटलं.

तेवढ्यात फेरीचा भोंगा वाजला. मॅडमनी फोन प्रज्ञाच्या हातात कोंबला. "चल, चल, सुटली ती!" आणि त्या निघाल्याच. प्रज्ञा हसत ओरडत होती, "अगं आई, थांब ना, दुसरी येते अर्ध्या तासाने!" पण त्या कुठल्या थांबतात. अकरा वर्षांत मी त्या बाईला पळताना कधी पाहिलं नव्हतं. पाठीवर सॅक, एका हातात बूट, ओल्या वाळूतून त्या धक्क्याकडे धावत होत्या, आणि फेरीतला माणूस दोरी सोडायचा थांबून त्यांच्यासाठी हात पुढे करून उभा होता.